पैशांआधी त्या मित्राचं नाव मोकळं करा

विचारणारे गृहस्थ बडोद्याचे, मकरपुरा जीआयडीसीत लेथवर काम करणारे. दांडिया बाजारातल्या एकाच गणेश मंडळात वाढलेल्या सहा मित्रांनी दरमहा थोडे थोडे टाकून स्वतःची शेड आणि जुनं मशीन घ्यायला ४,८०,००० रुपये जमवले होते. खातं दोघांच्या सहीचं. दुसऱ्या सहीचा मित्र सतत फिरतीवर, म्हणून त्याने काही कोऱ्या चेकवर सह्या करून यांच्याकडे ठेवल्या होत्या. सात वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग निघाला, खासगी रुग्णालयाने डिपॉझिट मागितलं, आणि यांनी अकरा दिवसांत तीन चेकने ४,३५,००० रुपये काढले. मित्रांना सांगितलं, मशीनचं टोकन दिलंय. पावतीही खोटी करून दाखवली. आता सौदा झालाच नाही हे फुटलंय आणि बाकी चौघांचा संशय त्या दुसऱ्या सहीवाल्यावर गेलाय. हे गप्प आहेत. पहिल्या महिन्याची केमो संपली, मुलगा बराच सावरलाय. विचारतात : "कुठल्याही बापाने हेच केलं नसतं का? आता सांगू, की मुलगा पूर्ण बरा होईपर्यंत थांबू?"

थांबू नका. या आठवड्यात सांगा, आणि जमलं तर उद्याच.

मी इथल्याच विद्यापीठाच्या समाजकार्य विद्याशाखेत शिकले आणि सत्तावीस वर्षं मुलांच्या वॉर्डांत वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम केलं. मराठी घरं मला ताई म्हणतात, गुजराती घरं बेन. डॉक्टर आजाराचं नाव सांगून पुढच्या खाटेकडे गेले, की त्यानंतरचा अर्धा तास माझा असतो. त्या अर्ध्या तासात बापमाणसं काय काय करतात ते मी पाहिलंय. कुणी जिन्यात जाऊन उभा राहतो. कुणी खिशातून फोन काढतो, नावं वर-खाली सरकवत राहतो आणि एकालाही फोन लावत नाही. तुम्हीही तसेच उभे राहिला असाल. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना मी तुम्हाला झोडपणार नाही. पण "कुठल्याही बापाने हेच केलं असतं" हे मी तुमच्यासोबत म्हणणारही नाही, कारण तुम्ही एक गोष्ट केलेली नाही, तीन केल्यात, आणि त्या एका ओळीत बसत नाहीत.

पैसे काढलेत. ते मला समजतं. मित्रांना विचारलं नाहीत, तेही समजतं. बहुतेक वडील नकाराच्या भीतीने विचारत नाहीत असं आपल्याला वाटतं. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. भीती सल्ल्याची असते. "अरे, आधी सरकारी दवाखान्यात दाखव," "आयुष्मान कार्ड काढलंस का," असं कुणी म्हणेल, ते बरोबर असेल, आणि त्यात दोन दिवस जातील. पोराच्या अंगावर निळे डाग उमटत असताना बापाला दोन दिवस परवडत नाहीत. खोटी पावती केलीत. ती समजून घ्यायला मला कष्ट पडतात, पण घाबरलेला माणूस पहिलं खोटं झाकायला दुसरं बोलतो, हे नवीन नाही.

तिसरी गोष्ट मात्र आजही चालू आहे. तुमचा मित्र, ज्याने तुमच्यावर भरवसा ठेवून कोऱ्या चेकवर सही केली, तो चौघांच्या नजरेत चोर ठरतोय आणि तुम्ही ते होऊ देताय. पैसे उचलले तेव्हा मुलगा कारण होता. या गप्प राहण्याला मुलगा कारण नाही. पैसे रुग्णालयात भरले गेलेत, केमो झालीये, त्या मित्राच्या बदनामीतून तुमच्या मुलाला औषधाचा एक थेंबही मिळत नाही. इथे तुम्ही स्वतःला वाचवताय. हे कठोर वाटेल, पण हे तुम्हाला स्पष्ट दिसलं नाही तर पुढचं काहीच नीट होणार नाही.

आणि "मुलगा बरा होईपर्यंत" म्हणजे किती दिवस, हे तुम्हाला कुणी समजावून सांगितलंय का? मुलांमधल्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा, म्हणजे लहान मुलांना होणाऱ्या या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतो, आणि त्यानंतरही डॉक्टर काही वर्षं लक्ष ठेवतात. तितके दिवस हे झाकून राहणार नाही. एका निरपराध माणसाने तितके दिवस संशय सोसावा, हे तर मनातही आणू नका.

हा सल्ला मी पुस्तकातून देत नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत अशाच एका वडिलांना मी उलटं सांगितलं होतं : "आता पोराकडे बघा, पैशाचं नंतर पाहू." त्यांनी भागीदाराचे पैसे उचलले होते. दीड महिन्याने भागीदाराला बाहेरून कळलं आणि तो संध्याकाळी भेटीच्या वेळेत तिघांना घेऊन वॉर्डात आला. खाटेपाशीच आवाज चढले. पाच वर्षांची मुलगी, हाताला सलाइन, सगळं ऐकत होती. तिला भागीदारी म्हणजे काय ते कळलं नाही. एवढंच कळलं, की बाबांनी आपल्यासाठी कुणाचे तरी पैसे घेतले. त्यानंतर कितीतरी दिवस सिस्टर इंजेक्शन घेऊन आली, की ती आधी विचारायची, "हे कितीचं आहे?" महाग वाटलं तर हात मागे घ्यायची. तो हात मागे घेणं माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. तो सल्ला माझा होता.

आता काय करायचं, ते माझ्या मते कोणत्या क्रमाने करायचं तसं सांगते.

आज रात्री बायकोला सांगा. तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेखच नाही, त्यावरून मला वाटतं त्यांना पूर्ण आकडा माहीत नाही. हे ओझं घरात दोघांना माहीत असलं पाहिजे, नाहीतर उद्या मित्र दारात आले तर त्या माउलीला तिथे उभं राहून ते पहिल्यांदा ऐकावं लागेल.

मग कागद घ्या आणि स्वतःच्या हाताने लिहा. चेकचे नंबर, तारखा, रकमा, पैसे कुठे भरले. आणि वेगळ्या ओळीत स्पष्ट : दुसऱ्या सहीच्या मित्राला यातलं काहीही ठाऊक नव्हतं, सह्या आधीच करून ठेवलेल्या होत्या, पावती मी बनवली. खाली सही, तारीख. हे पत्र आधी त्या मित्राच्या हातात द्या, एकट्याला, चौघांना सांगण्याच्या आधी. त्याच्या घरी जा. तो आत घेईलच असं नाही. दारात उभं राहून द्यावं लागलं तरी द्या. प्रकरण पोलिसांत गेलं तर चेकवर सही त्याचीही आहे, त्यामुळे हा कागद त्याच्यासाठी नुसत्या समाधानाचा नाही, गरजेचा आहे.

इथे एक सांगते. असं लिहून देण्याने तुमच्याविरुद्ध पुरावा तयार होतो. म्हणून वकिलाशी बोलून घ्या, पण बोलून घेण्याच्या नावाखाली महिना घालवू नका. वकिलाची फी नसेल तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण १९८७ च्या कायद्याखाली पात्र माणसांना मोफत वकील देतं. १५१०० या नंबरवरही चौकशी करता येते. वकिलाला पावतीसकट सगळं पहिल्या भेटीतच सांगा. विश्वासाने सोपवलेला पैसा वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. "परत देणारच होतो" हे तिथे चालत नाही. अप्रामाणिकपणे थोड्या काळासाठी वापरला तरी कायदा त्याला अपहारच म्हणतो. न्यायालयाच्या परवानगीने अशा गुन्ह्यात तडजोड होऊ शकते. खोट्या पावतीचं प्रकरण मात्र तितकं सहज मिटत नाही. घाबरवायला सांगत नाहीये. पुढे काय येऊ शकतं ते माहीत असलेला माणूस कमी खोटं बोलतो.

मग चौघं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिहू नका. मंडळाच्या ज्येष्ठांना मध्ये घालू नका. रुग्णालयात तर अजिबात बोलावू नका. कुठे तरी मोकळ्या जागी बसा, कमाटीबागेतला बाक चालेल. समोरासमोर, सगळे एकत्र. आणि मुलाची फाइल सोबत नेऊ नका.

हे मी प्रत्येक वडिलांना सांगते आणि प्रत्येकाला ते खटकतं. तुम्हाला वाटतं, रिपोर्ट दाखवले की त्यांना पटेल. पटेल ना. पण ती बोन मॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाच्या तपासणीची चिठ्ठी पुढे ठेवलीत, की त्यांचं तोंड बंद होतं. आजारी मुलापुढे कोण चिडणार? ते "जाऊ दे रे" म्हणतील, घरी जातील, आणि तो राग आत कुजत राहील. पंधरा-वीस वर्षांच्या मैत्रीत त्यांना रागवायचा हक्क आहे, तो त्यांना मिळू द्या. आधी काय केलंत ते सांगा : पैसे काढले, खोटी पावती दाखवली, संशय दुसऱ्यावर जाऊ दिला, त्याचा काही दोष नाही. मग कारण सांगा, दोन वाक्यांत. मग गप्प बसा. कुणी उठून गेला तर मागे धावू नका. कुणी तक्रार करीन म्हणाला तर "पोराचा विचार कर" हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत. तक्रार करायची की नाही हे त्यांनी ठरवायचं.

त्याच बैठकीत पैशाचा कागद करा. कुणाचे किती, कोणत्या तारखेला किती परत. दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि ती संपायच्या आत लेखी कबुली दिली की १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे तिथून ती नव्याने मोजली जाते. म्हणजे लिहून दिल्याने मित्रांचा हक्क टिकतो. तुमच्या शब्दावर आता कुणी विसंबणार नाही, तेव्हा कागद हवा. आकडा लहान धरा. पहिल्याच महिन्यात वीस हजार देतो म्हणायचं आणि तिसऱ्या महिन्यात चुकायचं, याने तुम्ही पुन्हा तिथेच जाल. दरमहा पाच हजार जमत असतील तर पाचच लिहा, आणि ज्याची गरज मोठी त्याला आधी द्या.

आता मी जिथे सगळ्यात जास्त घाबरते ती जागा. कबुली दिल्यावर माणसाला हलकं वाटतं आणि लगेच फेडायची घाई सुटते. मुलगा तर बरा दिसतोय! केस पुन्हा यायला लागतात, स्टेरॉइडने सुजलेले गाल उतरतात, पोर चाळीत पळतं. पहिल्या महिन्याच्या केमोनंतर अनेकदा रक्तात आणि बोन मॅरोत रोग दिसत नाही. डॉक्टर त्याला रेमिशन म्हणतात. बापाच्या कानाला ते "बरा झाला" असं ऐकू येतं. एक वडील असे होते. भावाचं कर्ज डोक्यावर, रात्रपाळी घेतली, रुग्णालयाच्या दोन तारखा चुकवल्या, मग गोळ्या "थोड्या दिवसांसाठी" थांबवल्या. सात महिन्यांनी ते मुलाला उचलून घेऊन आले. रोग परतला होता आणि या वेळी हट्टी होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या असतात, त्यांच्यासाठीच पुढची सगळी केमो, पाठीच्या कण्यातून दिलेली इंजेक्शनं, आणि शेवटच्या लांब टप्प्यात रोजची मर्कॅप्टोप्युरिनची आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी. उपचार पूर्ण केलेल्या, चांगल्या केंद्रात नीट देखरेखीखाली असलेल्या बहुतेक मुलांचा हा आजार बरा होतो. अर्धवट सोडलेल्यांचं तसं नाही. मित्रांचं देणं उशिरा फिटेल, गोळी उशिरा चालणार नाही. हे त्या कागदावरही लिहा, मित्रांच्या देखत.

घरात थोडे रोख पैसे बाजूला ठेवा आणि त्यांना हात लावू नका, मित्रांच्या हप्त्यासाठीसुद्धा नाही. ते तापाचे पैसे. काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या, खाली असताना ताप १००.४ अंशांवर गेला, तर रात्र असो की दिवाळी, त्याच क्षणी रुग्णालयात निघायचं, घरी गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. या मुलांना संसर्ग काही तासांत खाली ओढतो.

खर्चाचं बोलायचं तर, तुम्ही ज्या घाईत पैसे भरलेत ती समजण्यासारखी होती, पण पुढची दोन वर्षं त्याच पद्धतीने काढायची गरज नाही. आयुष्मान भारत ही सरकारी आरोग्य योजना २०१८ मध्ये वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांनी सुरू झाली. गुजरातने २०२३ च्या जुलैपासून ती मर्यादा १० लाख केली. पात्र असाल तर मामलतदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढा आणि योजनेतल्या रुग्णालयाच्या खिडकीवर आरोग्य मित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला भेटा. आधी भरलेलं बिल या योजनेतून परत मिळत नाही, ती आशा धरू नका आणि मित्रांनाही दाखवू नका. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी आपल्या राज्यात शाळा आरोग्य कार्यक्रम आहे. हृदय, मूत्रपिंड आणि कर्करोगाचे मोठे उपचार त्यातून सरकारी संस्थांत होतात, त्यासाठी आरोग्य खात्याच्या पथकाचं संदर्भपत्र लागतं. मुलाच्या शाळेत विचारा, किंवा सयाजी रुग्णालयाच्या बालरोग विभागात. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतूनही कर्करोगाच्या उपचाराला काही मदत मिळते. तिथे अर्जासोबत रुग्णालयाचं खर्चाचं एस्टिमेट लागतं.

अहमदाबादच्या सिव्हिल आवारातल्या कर्करोग संस्थेत न्यायचं ठरलं, तर आताच्या डॉक्टरांना लपवून नेऊ नका, स्पष्ट सांगा. बोन मॅरोचा आणि फ्लो सायटोमेट्रीचा (रोगाच्या पेशी कोणत्या प्रकारच्या ते ओळखणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट, डिस्चार्ज समरी, आणि कोणतं औषध कोणत्या तारखेला किती दिलं तो केमोचा तक्ता, हे हातात घेऊनच निघा, म्हणजे तिथे पहिल्यापासून सुरुवात होणार नाही. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गात कर्करोगाच्या रुग्णाला आणि एका सोबत्याला ७५ टक्के सवलत असते, रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर.

मित्र परत येतील का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्नाच्या प्रत्येक ओळीत ते आहे. मी वचन देऊ शकत नाही. एक प्रसंग सांगते, त्यातून हवं ते घ्या. एका मुलाला प्लेटलेट लागत होत्या. यंत्रावर एका दात्याकडून घेतात त्या. प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा नवा माणूस लागतो. वडिलांनी ज्याला फसवलं होतं तो मित्र रक्तपेढीत आला. कुणी बोलावलं ते मला कळलं नाही. वडील बाहेर उभे होते, हा त्यांच्या समोरून आत गेला, बघितलं नाही. सव्वा तास खुर्चीत बसला, हातातला रबरी चेंडू दाबत, भिंतीकडे तोंड करून. सुई काढल्यावर चहा नको म्हणाला. पंधरा दिवसांनी पुन्हा आला, तसाच. पुढे त्यांचा पैशांचा वाद लोकअदालतीत मिटला, पूर्ण रक्कम हप्त्यांनी दिली गेली. माझ्या माहितीप्रमाणे ते दोघं त्यानंतरही एकमेकांशी बोलले नाहीत. मुलगा आता मोठा आहे. त्याला तो काका माहीत आहे.

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक. मुलगा विचारतो, "गणपतीला मला गाडीवर पुढे बसवून न्यायचे ते काका का येत नाहीत?" तुम्ही त्याला सांगता, काका कामात आहेत. तसं सांगू नका. आजारी मूल कान देऊन ऐकतं आणि न सांगितलेल्याचा दोष स्वतःवर घेतं. त्याच्या शेजारी बसा, उभं राहून बोलू नका. सांगा : "काका माझ्यावर रागावलेत. चूक मी केली. तू काही केलेलं नाहीस आणि तुझ्या आजारानेही काही केलेलं नाही." तो विचारेल, काय चूक? सांगा, "काकांना न विचारता मी त्यांची वस्तू घेतली, आणि मग खोटं बोललो. आता परत करतोय." सात वर्षांच्या मुलाला हे पूर्ण समजतं. पुढे विचारलंच, की काका परत कधी येतील, तर म्हणा, "मला माहीत नाही. त्यांना हवं तेव्हा येतील." आणि त्या वेळी औषधाची वेळ झाली असेल तर औषध द्या.